आठ जणींची भाजी

माझ्या दोघा लाडक्यांनो,

हे लिहायचं मी बरेच महिने टाळत होते. परवा तुमच्यातली मोठी फोनवर सहज बोलून गेली की शुक्रवारी तिच्या ऑफिसातली सगळी मंडळी बाहेर जेवायला जातात आणि ती काम उरलंय असं सांगून जागेवरच बसून राहते. घरभाडं वाढलं, पगार तेवढाच आहे. मग लगेच "ठीक आहे गं आजी, चालतं" म्हणून तिने विषय बदलला. अशीच कारणं सांगणाऱ्या एका बाईला मी एकदा पूर्णपणे चुकीचं ओळखलं होतं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आता माझं वय झालं, आणि तुमच्या दोघांच्या कमावत्या वर्षांची सुरुवात आहे, म्हणून सांगते.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणंही. पण यातलं जे बोलणं महत्त्वाचं आहे ते मराठीत झालं, म्हणून मराठीत. उत्तर हिंदीत दिलंत तरी चालेल, नेहमी तसंच देता.

तुमचे आजोबा इथे लखनौला एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते हे तुम्हाला ठाऊक आहे. ते निवृत्त झाल्यावर संस्थेचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही गोमती नगरच्या या घरात आलो. मी तेव्हा निशातगंजच्या एका गल्लीतल्या खाजगी शाळेत इंग्रजी शिकवत होते. सरकारी वेतन आयोग आला तेव्हा आजोबांची पेन्शन वाढली, मागची थकबाकीही मिळाली. आम्ही नवा फ्रिज घेतला, बाथरूमच्या फरशा बदलल्या. आसपासच्या सरकारी घरांतही तेच झालं. मग घरमालकांनी भाडी वाढवली, भाजीवाल्यांनी भाव वाढवले, शिकवण्या घेणाऱ्यांनी फी वाढवली. बाजार काही विचारत नाही की बाई, तुमच्या घरी आयोग आला का.

आमच्या शाळेत तो आला नाही. विद्यार्थ्यांची फी दर एप्रिलला वाढायची, आमचा पगार जिथल्या तिथे. विचारायला गेलं की प्रिन्सिपल उठून उभे राहत, खुर्ची देत, घरच्यांची चौकशी करत आणि म्हणत, "बहनजी, अगले सत्र में ज़रूर देखेंगे." इतक्या अदबीने नकार मिळाला की माणूस आभार मानून बाहेर येतं. एका वर्षी पगारवाढीऐवजी सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं दिली, तबकडीवर शाळेच्या इमारतीचा फोटो. हिंदीच्या बाई घड्याळ उलटंसुलटं करून म्हणाल्या, "चलो, अब देखते रहेंगे कि तनख्वाह कितने बजे से रुकी हुई है." आम्ही खूप हसलो. त्या शाळेत हसायला आम्हाला कधी कमी पडलं नाही.

स्टाफरूममध्ये आम्ही आठ जणी होतो. मधल्या सुट्टीत मोठ्या टेबलावर आठ डबे उघडायचे आणि जिला जे हवं तिने ते घ्यायचं, अशी जुनी पद्धत होती. डब्यांवरून मला महागाई कळायची. आधी पनीर दिसेनासं झालं. मग अरहरची डाळ, म्हणजे आपली तुरीची, पातळ होत गेली. नंतर बटाटा वाढला आणि त्यातला मटार कमी झाला. एक दिवस तीन डब्यांत पोळी आणि लोणचंच निघालं, आणि त्या तिघीही "आज उशीर झाला" असं एकाच वेळी म्हणाल्या.

मला शिस्तीची सवय. मी विचार केला की आठ घरांत आठ शेगड्यांवर आठ छोट्या भाज्या कशाला? रोज एकीनेच आठ जणींना पुरेल एवढी भाजी आणायची, बाकीच्यांनी फक्त पोळ्या. आठ दिवसांनी एक पाळी. गॅस वाचेल, सकाळची घाई वाचेल, आणि टेबलावर रोज एक तरी चांगला पदार्थ असेल. मी कोऱ्या कागदावर लाल शाईने रेघा मारल्या, नावं लिहिली आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

"बड़ी मैम ने पेट का भी टाइम-टेबल बना दिया," हिंदीच्या बाई म्हणाल्या. सगळ्यांना ते आवडलं. निदान मला तसं वाटलं. मी कोणाला एकटीला बाजूला घेऊन विचारलं नव्हतं.

त्या आठ जणींत माझ्याखेरीज आणखी एकच मराठी होती, गणित शिकवणारी. साताऱ्याकडची, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. तिचा नवरा सैन्यात होता, पंधरा वर्षं भरल्यावर नाईक म्हणून बाहेर पडला. त्याची शेवटची नेमणूक इथल्या छावणीत होती, मुलगी इथल्याच शाळेत रुळलेली, म्हणून ते राहून गेले. शाळेत ती मला सगळ्यांसारखी मैम म्हणायची, आम्ही दोघीच असलो की ताई. लखनौत मराठी माणसं मोजकी. गणपतीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीच तीच पन्नासएक घरं एकत्र येतात. त्यामुळे तिच्यावर माझा हक्क आहे असं मी न बोलता धरून चालले होते.

तिची पहिली पाळी आली तेव्हा तिने मटकीची उसळ आणली. इथल्या बायकांना मोड आलेली मटकी नवीन. त्यांनी डबा पुसून खाल्ला. मला इतका अभिमान वाटला की जणू मीच केली होती. त्या भरात मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की दसऱ्याच्या सुमाराला हिची पाळी आली की ही तुम्हाला पुरणपोळी खिलवेल.

ती म्हणाली, "ताई, आठ जणींना?"

मी मराठीत तिला म्हटलं, "अगं, आपण दोघीच इथे. आपल्या माणसांनी कमी पडायचं नाही."

तिने पुरणपोळ्या आणल्या. प्रत्येकीला दोन, वर तूप. बायकांनी बोटं चाटली. हिंदीच्या बाईंनी उरलेली अर्धी पोळी रुमालात बांधून घरी नेली.

दिवाळीनंतर मात्र तिची पाळी आली की ती येईनाशी झाली. आदल्या संध्याकाळी पुढच्या नंबरच्या बाईला फोन करायची. ताप आहे, पाहुणे आलेत, गावाकडून फोन आलाय. एकदा झालं, दोनदा झालं. मग टेबलावर बोलणं सुरू झालं.

"मैम का नंबर आया, मैम गायब."

"अरे, फौजी आदमी की पेंशन, ऊपर से कैंटीन का सामान सस्ता. फिर भी एक सब्ज़ी नहीं निकलती."

"तबीयत भी कैसी समझदार है, पाळी देखकर बिगड़ती है." पाळी हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचलला होता.

मीही हसले. नुसती हसले नाही, मनातून चिडलेही होते. मला रिकामी जागा सहन होत नाही, मग ती वहीत असो की टेबलावर. शिवाय मराठी बाईला कंजूष म्हणत होत्या, त्याचा राग मला म्हणणाऱ्यांवर यायला हवा होता, तो तिच्यावर आला. मी तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. ती जेवायला टेबलाच्या अगदी कडेला बसे आणि दुसरीने आणलेली भाजी चमचाभर घेई.

जानेवारीत आम्ही आठही जणींनी पगारवाढीचा अर्ज करायचं ठरवलं. तोंडी विचारून पाच वर्षं गेली होती, आता लेखी. अर्ज मी इंग्रजीत लिहिला. चांगला झाला होता. फी किती वेळा वाढली आणि पगार कधीपासून तेवढाच आहे, एवढंच, कुठे रडगाणं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या, गणिताच्या बाईनेही. मार्चमध्ये शाळेच्या कमिटीपुढे तो द्यायचा होता. तोवर तो माझ्या खणात होता.

फेब्रुवारीत प्रिन्सिपलनी मला बोलावलं. कोणी गैरहजर असली की तिचे तास कोणी घ्यायचे ते ठरवायचं काम माझ्याकडे असे आणि त्याचं रजिस्टर मी ठेवत असे. ते म्हणाले की गणिताच्या मैमच्या रजा फार झाल्या आहेत, पालकांची तक्रार आहे, तर रजिस्टरवरून तारखांची यादी करून द्या. त्यांनी ते शब्दांत म्हटलं नाही, पण अर्थ स्पष्ट होता. आम्हा सगळ्यांचा करार मार्चअखेर संपायचा आणि नवा व्हायचा. तिचा होणार नव्हता.

रविवारी सकाळी मी घरी यादी करायला बसले. दिवाळीनंतर तिच्या नऊ पाळ्या आल्या होत्या आणि नऊही दिवस ती नव्हती. त्यात मला नवीन काही नव्हतं. पण समोर रजेचा प्रकार लिहायचा होता, आणि तो लिहिताना माझा हात थांबला. पहिले चार दिवस तिच्या हक्काच्या रजेचे होते. शेवटचे पाच बिनपगारी.

एका दिवसाच्या पगारात त्या वेळी आठ जणींची साधी भाजी तीनदा झाली असती. कंजूष माणूस असा व्यवहार करत नाही. त्यातून ती गणिताची बाई. मी यादी तशीच ठेवली, आजोबांना सांगितलं की जेवून घ्या, आणि शेअर टेंपोने तिच्या घरी गेले.

तिचं घर म्हणजे एका दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. मी यापूर्वी तिथे गेले नव्हते, इतक्या वर्षांत कधीच. नवरा ड्यूटीवर होता, मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला. ती कपडे वाळत घालत होती. मला बघून घाबरली.

"ताई, तुम्ही? काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू बस आधी."

मी तिला सरळ विचारलं. तिने आधी ताप, पाहुणे, सगळं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "अगं, पाच दिवसांचा पगार गेला तुझा. भाजीला एवढे पैसे लागतात का?"

ती बराच वेळ ओल्या टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "पगार पुढच्या एक तारखेला कापतात, ताई. भाजीचे पैसे आज संध्याकाळी द्यावे लागतात. ते नसतात."

मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि दोरीवर टाकला.

"सुरुवातीला जमवलं," ती म्हणाली. "पुरणपोळीच्या वेळी डाळ, गूळ, तूप, आणि वर गॅस. त्या महिन्यात सिलेंडर पंधरा दिवस आधी संपलं. दुसरं ब्लॅकने घ्यावं लागलं. तिथून जी गाडी घसरली ती रुळावर आलीच नाही. मी इथे आले तेव्हा माझ्या पगारात या खोल्यांचं भाडं जाऊन निम्मं उरायचं. आता भाडं दिलं की टेंपोपुरतं उरतं."

"आणि नवऱ्याची पेन्शन?"

"त्यातून गावाकडे सासूला पाठवतो. यांना मॉलच्या पार्किंगमध्ये ड्यूटी आहे. दर वर्षी ठेकेदार बदलतो, युनिफॉर्मचा रंग बदलतो, पगार बदलत नाही." ती थोडी हसली. "कॅन्टीनमधून साबण मिळतो, चहा मिळतो. त्या बायका म्हणतात ते ऐकलंय मी. साबणाची भाजी होत नाही ना."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हीच तर म्हणालात, आपल्या माणसांनी कमी पडायचं नाही. इतरांना एक वेळ सांगितलं असतं. आपल्या माणसाला कसं सांगणार? संक्रांतीला सगळ्या बायका भेटतात. तुम्ही बोलला नसता, माहीत आहे मला. पण तुम्हाला माहीत आहे, हे घेऊन मला त्या घोळक्यात बसावं लागलं असतं."

मी तिला करार होणार नसल्याचं सांगितलं. ते सांगणं भाग होतं. ती उठली आणि चहा टाकायला गेली. बाहेर आली तेव्हा चहा होता, आणि बशीत दोन बिस्किटं.

"मुलीचं अकरावीचं वर्ष आहे," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "एक करा. कोणाला सांगू नका. शाळेतही नाही आणि आपल्या लोकांतही नाही."

मी शब्द दिला. आज तुम्हा दोघांपुरता तो मोडते आहे, हे तुमच्यापाशीच ठेवा.

सोमवारी सकाळी कोणी यायच्या आत मी कपाटाच्या दारावरचा कागद काढला. बायकांनी विचारलं तर मी सांगितलं की हिशोब जमत नाही, जिने तिने आपापलं आणावं. कोणी हट्ट धरला नाही. बहुतेक बाकीच्यांनाही ते नकोच होतं, आणि एकीनेही मला ते आधी सांगितलं नव्हतं. माझ्या शिस्तीला लोक घाबरतात हे मला त्या वयात समजलं.

मग मी यादी घेऊन प्रिन्सिपलकडे गेले. तारखा खोट्या लिहिणं मला जमण्यासारखं नव्हतं. खाली इंग्रजीत तीन ओळी जोडल्या होत्या की या गैरहजेरीचं कारण मी त्यांच्यावर टाकलेलं एक काम आहे, ते मी काढून घेतलं आहे, आणि पुढे अशी तक्रार येणार नाही याची जबाबदारी माझी.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "बहनजी, अंग्रेज़ी आपकी लाजवाब है. बात समझ में नहीं आई."

"समझने की नहीं है, सर. मान लेने की है."

ते हसले. चहा मागवला. मग चष्मा पुसत, अगदी घरच्यासारखं, म्हणाले की ऐकलंय कोई अर्ज़ी भी बन रही है. कमिटी या वर्षी नाराज आहे, आठ सह्या एकत्र बघून आणखी नाराज होईल, आणि मग ज्यांच्या रजा जास्त आहेत त्यांना वाचवणं अवघड जाईल. "आप एक बात हमारी मान लीजिए, एक हम आपकी मान लेते हैं."

उद्या सांगते म्हणून उठता आलं असतं. उरलेल्या सात जणींना विचारायला हवं होतं, त्यांच्याही सह्या होत्या. पण विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मी शब्द दिला होता. वाढ बहुधा मिळणार नव्हतीच, असं मी स्वतःला सांगितलं. तिची नोकरी मात्र नक्की जाणार होती. चहा संपायच्या आत मी हो म्हटलं. आजही मला खात्री नाही की तो हिशोब बरोबर होता.

स्टाफरूममध्ये मी सांगितलं की अर्ज या वर्षी देऊ नये असं मला वाटतं. मग हिंदीच्या बाई, ज्या माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नव्हत्या, वह्या आवरत म्हणाल्या, "आपका क्या है मैम. सर की पेंशन तो सरकार बढ़ा ही देती है."

ते खरंच होतं.

सुट्टी झाल्यावर फाटकाशी गणिताची बाई मला गाठायला मागून आली. तिचा करार होणार हे तिला दुपारीच कळलं होतं आणि चेहऱ्यावरचा ताण गेला होता. मला वाटलं, आभार मानेल. ती म्हणाली, "ताई, अर्ज का मागे घेतलात? दोनशे-तीनशे जरी वाढले असते ना, तरी माझं टेंपोचं भाडं सुटलं असतं."

मी म्हटलं, "या वर्षी नको वाटलं."

"हं," ती म्हणाली. "तुमचं बरं आहे, ताई." त्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. ती पिशवी खांद्यावर घेऊन निघून गेली. त्या वर्षी ती टेंपो सोडून पायीच ये-जा करू लागली होती.

मी तिला खरं कारण कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते ओझं तिच्या डोक्यावर गेलं असतं.

त्यानंतर मी दोन वर्षं त्या शाळेत होते. मोठ्या टेबलावर पुन्हा एकत्र जेवण झालं नाही. जी ती आपल्या जागी डबा उघडायची, झाकण थोडं आडवं धरून. मला कोणी मुद्दाम टाळलं नाही, पण घड्याळासारखे विनोदही कोणी मला येऊन सांगेना. पगार एकदा वाढला, मी सोडायच्या वर्षी, आणि तोवर दूध, गॅस आणि भाडं इतकं पुढे गेलं होतं की वाढ झाल्याचं पत्र घेऊन कोणी मिठाई मागितली नाही. गल्लीत नवी शाळा निघाली, आमच्यातल्या दोघी तिकडे गेल्या आणि तिथेही तेवढ्याच पगारावर लागल्या.

गणपतीला ती भेटते. आम्ही मुलींच्या लग्नाबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलतो. ती अजून त्याच शाळेत आहे. नववी-दहावीला गणित शिकवते.

तुमची,
आजी